तळ्याकाठचा टेंट सकाळी आतून ओला: पाणी येतं कुठून?

रात्रभर पाऊस नाही, आभाळ निरभ्र, आणि पहाटे कपाळावर टपकन थेंब पडून जाग येते. वरच्या कापडाला हात लावावा तर तळवा ओला. स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक सादळलेलं, मॅट उचलली की खाली ओलीचा चट्टा. टेंट गळतोय, हा निष्कर्ष लगेच निघतो. मग वॉटरप्रूफिंगचा स्प्रे येतो, शिवणींवर सीलर फासला जातो, आणि पुढच्या मुक्कामाला तोच थेंब पुन्हा त्याच कपाळावर. मोठ्या तलावाकाठच्या अशा बहुतेक तक्रारींत टेंट गळत नसतोच. पाणी आत तयार होत असतं, आणि ते बाहेर न्यायला संध्याकाळी जो वारा होता तो रात्री फिरलेला असतो.

आधी पाणी ओळखा

टेंटमध्ये पाणी तीन वाटांनी येतं: वरून पावसाचं, खालून जमिनीचं आणि आतलं आपलंच. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या. सूर्य उगवायच्या आत, टॉर्च कापडाला जवळजवळ समांतर धरून पाहा. बारीक थेंबांची चादर सगळीकडे सारखी पसरली असेल, माथ्याकडे आणि पायाकडच्या उतारावर जरा दाट असेल, तर ते बाष्प आहे. गळती अशी पसरत नाही. ती शिवणीच्या रेषेने, चेनच्या टोकाशी, दोरी शिवलेल्या ठिकाणी किंवा खांबाची टोपी घासते तिथे एका बिंदूपासून सुरू होते आणि खाली ओघळ सोडते. ओघळ दिसला की वरच्या टोकापर्यंत बोट नेत जा. भोक तिथे असतं, पाणी साचलंय तिथे नव्हे.

तळाच्या ओलीसाठी साधी परीक्षा आहे. झोपण्यापूर्वी पारदर्शक प्लास्टिकचा साधारण ३० सेंटिमीटरचा चौकोन तळावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि त्यावर मॅट टाका. सकाळी प्लास्टिकच्या खाली पाणी असेल तर ते जमिनीतून आलंय. वरच्या बाजूला असेल तर उबदार अंग आणि गार तळ यांच्यामध्ये जमलेलं बाष्प आहे. ते जाड मॅटने आटोक्यात येतं, सीलरने नाही.

एवढं करूनही शंका उरली तर कोरड्या दिवशी भर दुपारी टेंट उभा करा, आत कुणी नको, आणि झारीने किंवा नळीने वीसेक मिनिटं पाणी सोडा. आत श्वास नाही, त्यामुळे जे ओलं होईल ती निखळ गळती. ही परीक्षा पार पडली तर स्प्रेचा डबा परत ठेवून द्या.

आकडे काय सांगतात

झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे ताशी सुमारे ३० ते ४० ग्रॅम पाणी सोडतो. आठ तासांत पाव लिटर किंवा त्याहून थोडं जास्त, दोघांचं अर्धा लिटर. हे पाणी कुठेतरी जायला हवं.

आता तलावाकाठची रात्र धरा: हवा १८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेचा दवबिंदू येतो साडेपंधरा अंशांच्या आसपास, म्हणजे कापड हवेपेक्षा फक्त अडीच अंश गार झालं की त्यावर पाणी धरायला लागतं. निरभ्र रात्री ते तेवढं गार होतंच, कारण वरचं कापड आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत असतं आणि भोवतालच्या हवेच्याही खाली जातं. दव ‘पडतं’ असं आपण म्हणतो खरं, पण ते वरून पडत नाही. गार पृष्ठभागावर जागच्या जागी जमतं. म्हणून कापडाच्या दोन्ही बाजू ओल्या होतात, आणि म्हणूनच बाहेरून मारलेला कितीही भारी स्प्रे आतल्या थेंबाचं काही करू शकत नाही. त्याच १८ अंशांना आर्द्रता ६० टक्के असती तर दवबिंदू १० अंशांवर आला असता आणि सकाळ कोरडी गेली असती. फरक तलावाचा आहे.

आणखी एक ढोबळ हिशेब. दोन माणसांच्या टेंटमध्ये दोनेक घनमीटर हवा मावते. ८५ टक्के भरलेल्या त्या हवेत अजून जेमतेम पाच ग्रॅम पाणी बसू शकतं. दोन माणसं तेवढं पाच मिनिटांत सोडतात. आतली हवा ताशी दहा-पंधरा वेळा बदलत राहिली तरच कापड कोरडं राहील. चेन वीतभर उघडी ठेवून हे साधत नाही. वारा आरपार जायला हवा, आणि खरी चूक इथेच होते.

रात्री वारा फिरतो

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे मोठ्या तलावावरही वाहतात, फक्त खारेपणा नसतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारपासून वारा तलावाकडून काठाकडे येतो. सूर्य मावळल्यावर जमीन भराभर निवते, पाणी मात्र ऊब धरून राहतं, आणि काही तासांत वारा उलटून जमिनीकडून तलावाकडे हळूहळू वाहू लागतो. काठाला उतार असेल तर चढावरची गार हवाही त्याच दिशेने खाली घसरते. हा रात्रीचा वारा दिवसाच्या मानाने बराच मंद असतो.

टेंट लागतो तो मात्र संध्याकाळी पाच-सहाला. समोर पाणी, तिकडून मस्त झुळूक, देखावाही तिकडेच. दार तलावाकडे केलं जातं. रात्री दोन वाजता हवा मागून येत असते आणि मागची बाजू जमिनीपर्यंत बंद. दार उघडं असूनही आतली हवा जागची हलत नाही.

उपाय फुकटातला आहे. टेंटची लांबी काठाला काटकोनात ठेवा, दार जमिनीकडे, निमुळता पायाकडचा भाग पाण्याकडे. दुपारचा जोराचा वारा अरुंद टोकावर झेलला जातो, रात्रीचा मंद वारा दारातून आत शिरतो. डोकं दाराकडे येतं, म्हणजे श्वास उघड्या भागाजवळ सुटतो. काठाचा उतार बहुधा पाण्याकडे असतो, त्यामुळे डोकं आपोआप वरच्या बाजूला राहतं. देखावा हवा असेल तर सकाळी उठून दोन पावलं चालावं.

दाराची जाळी पूर्ण बंद (डास आत येता कामा नयेत), पण जाळीमागचं कापड खालून किमान दोन वीत गुंडाळून वर बांधा आणि पायाकडचा वरचा व्हेंट (हवा जायची झडप) काठी लावून पूर्ण उघडा ठेवा. गार हवा खालून येते, दमट ऊबदार हवा वरून जाते. दोन्ही उघड्या जागा एकाच उंचीवर असतील तर वारा थांबल्यावर काहीच हलत नाही. उंचीत फरक असेल तर थोडं तरी चालू राहतं. थंडी वाजते म्हणून रात्री सगळं बंद करायचा मोह होतो. त्यापेक्षा अंगावर एक थर वाढवा. बंद टेंट उबदार होतो तो एखाद-दोन अंशांनी, आणि त्या बदल्यात पांघरूण ओलं होतं.

हे गणित हवामान शांत असतानाचं. वादळी वारा असेल तेव्हा जमीन-पाण्याचा हा खेळ दबून जातो. मग अंदाजात दिलेल्या दिशेप्रमाणेच टेंट लावायचा, आणि पाऊस आडवा येणार असेल तर वाऱ्याच्या आडची बाजू उघडी ठेवायची.

जागा

पाण्यापासून किमान ६० मीटर आणि दोन-चार मीटर उंचीवर जागा घ्या. पाण्याला लागून असलेली हिरवळ दिसायला सुरेख असते, पण सगळी गार हवा तिथेच येऊन साठते आणि धुकं पहिलं तिथेच धरतं. मोठ्या तलावात आणखी एक गोष्ट घडते: दिवसभर एका दिशेने जोराचा वारा वाहिला की पाणी समोरच्या काठाला चढतं, वारा पडला की हेलकावा घेऊन परत येतं. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची ओळ काठावर कुठवर आहे ते बघा. पाणी तिथवर येऊन गेलंय. टेंट त्या ओळीच्या बराच वर हवा.

झाडांखाली कापड कमी निवतं, कारण वर उघडं आकाश नसतं. मोकळ्या गवतावरचा टेंट चिंब आणि वीस पावलांवर झाडीच्या कडेचा जवळपास कोरडा, हे एकाच रात्री दिसतं. मात्र वाळक्या फांद्या असलेलं झाड नको, आणि विजांची शक्यता असताना एकट्या उंच झाडाखाली तर मुळीच नको. पूर्व मोकळी असलेली झाडीची कड मिळाली तर उत्तम. सकाळचं ऊन लवकर येतं आणि टेंट वाळवूनच गुंडाळता येतो.

निघायच्या आदल्या दिवशी अंदाजात तीन गोष्टी एकत्र बघा: निरभ्र आकाश, मंद वारा, आणि रात्रीचं किमान तापमान दवबिंदूच्या दोन-तीन अंशांच्या आत. तिन्ही जुळल्या तर रात्र ओली जाणार असं धरूनच सामान भरा. तलावावरून धुकं सरकत आलं तर बाहेरचीच हवा शंभर टक्के भरलेली असते, तेव्हा कितीही व्हेंट उघडा, कापड कोरडं राहणार नाही. अशा रात्री हाताशी पाणी टिपणारं फडकं ठेवा आणि जाग येईल तेव्हा वरच्या कापडाची आतली बाजू पुसून बाहेर पिळा. याहून हुशार उपाय नाही.

थेंब अंगावर का पडतो

दुहेरी टेंटमध्ये बाष्प बाहेरच्या कापडावर जमतं आणि आतल्या जाळीदार कापडाबाहेरून ओघळून जमिनीत जातं. रचना मुळात तशीच आहे. बिघडतं कुठे? नायलॉन ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी तबल्यासारखं ताठ बांधलेलं कापड रात्री दहापर्यंत पोटासारखं सुटतं, आतल्या कापडाला टेकतं, आणि टेकलेल्या जागी पाणी थेट आत उतरतं. पॉलिएस्टर कमी ताणतं, तरी सुटतंच. म्हणून झोपण्याआधी बाहेरून एक फेरी मारून सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढा. दोन कापडांत सगळीकडे चार बोटं अंतर हवं. पायाकडच्या मधल्या दोरीला बहुतेक जण पेगच (जमिनीत ठोकायची खुंटी) मारत नाहीत आणि तिथलंच कापड बॅगेला चिकटतं. उंच माणसाने पायाशी बॅगेवर रेनकोट उलटा पसरावा.

वाळूत पेग सुटला की ताण गेलाच. वाळूसाठी ३० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, रुंद पात्याचे पेग लागतात. ते नसतील तर पिशवीत वाळू भरून दोरीला बांधा आणि फूटभर खोल आडवी पुरा. सरळ ठोकलेल्या बारीक पेगपेक्षा ती कितीतरी जास्त धरते. पेगचं डोकं टेंटपासून लांब झुकलेलं असावं.

आतलं पाणी कमी करणं हा अर्धा उपाय आहे. पोहून आल्यावर पिळलेला मोठा टॉवेल आत वाळत घातला तर आणखी एक माणूस झोपवल्यासारखं आहे. ओले कपडे, बूट, कुत्र्याचा पट्टा सगळं बाहेरच्या छपराखाली. तोंड बॅगेत घालून झोपू नका, श्वासाचं पाणी थेट पांघरुणात जातं. गॅसची शेगडी किंवा हीटर आत चालवू नका: १०० ग्रॅम गॅस जळला की साधारण १६० ग्रॅम पाणी तयार होतं, ही त्यातली किरकोळ अडचण. खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

गळती खरीच असेल तर

झारीच्या परीक्षेत ओघळ सापडला तर आधी कापड कुठलं ते ओळखा. शिवणीवर आतून कारखान्यातली पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर आतला लेप पॉलियुरेथेनचा आहे, त्याला त्याच जातीचं सीलर. दोन्ही बाजू गुळगुळीत, निसरड्या आणि पट्टी कुठेच नसेल तर बहुधा सिलिकॉन. त्यावर सिलिकॉनखेरीज काहीही धरत नाही. चुकीचं सीलर दुसऱ्या दिवशी सोलून निघतं, हीसुद्धा ओळखायची एक पद्धत, जरा महागडी. शिवण स्पिरिटने पुसा, कापड ताणलेलं असताना सुमारे एक सेंटिमीटर रुंद पट्टा ब्रशने लावा, दिवसभर वाळू द्या, नंतर टाल्कम पावडर फिरवा, नाहीतर घडी घातल्यावर चिकटेल.

आतला लेप चिकट झाला असेल, पापुद्रे सुटत असतील, कुबट वास येत असेल, तर तो लेप विरघळतोय. ओला टेंट घडी करून ठेवल्याचा तो परिणाम, आणि त्यावर टिकाऊ दुरुस्ती नाही. बाहेरचा पाणी झटकणारा थर गेला असेल तर थेंब मोत्यासारखे न राहता कापडावर पसरतात. गळती त्याने होत नाही, पण भिजलेलं कापड आणखी गार पडतं आणि आतलं बाष्प वाढतं. स्प्रे कामाचा आहे तो इथे, आणि आधी साबण न वापरता टेंटसाठीच्या क्लीनरने धुतलं असेल तरच.

तळातून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार ग्राउंडशीट, म्हणजे टेंटखाली अंथरलेली चादर, असते. ती टेंटच्या बाहेर दोन बोटं जरी डोकावली तरी वरून निथळलेलं पाणी धरून बरोबर तुमच्या पाठीखाली आणते. चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर आत दुमडा. टेंटभोवती चर खणू नका. जागा खराब होते, आणि उतार नीट निवडला असेल तर गरजही पडत नाही.

आर.व्ही. आणि कॅम्परव्हॅन

आत झोपायची सोय असलेल्या या गाड्यांच्या भिंती पक्क्या असल्या तरी श्वासाचं गणित तेच. पाणी इथे काचांवर, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आणि गादीच्या पोटाला जमतं. छताचा पंखा बाहेर फेकणाऱ्या दिशेने, सगळ्यात कमी वेगावर रात्रभर चालू ठेवा आणि जमिनीकडची एक खिडकी दोन-तीन सेंटिमीटर उघडा. खिडकी बंद ठेवून नुसता पंखा लावला तर तो हवा ओढणार कुठून? पंख्याच्या अगदी खालचीच खिडकी उघडणं हीही नेहमीची चूक. हवा दोन फुटांत आत येऊन निघून जाते, झोपायची जागा तशीच कोंदट राहते. लांबची, पलंगाजवळची खिडकी निवडा.

काचेला आतून जाड पडदा लावला की काच अधिक गार होते आणि पडद्यामागे पाणी निथळतं. तोच पडदा बाहेरून लावला तर काच उबदार राहते. गादी सपाट फळीवर ठेवू नका. पट्ट्यांवर किंवा जाळीदार थरावर ठेवून खाली दोनेक सेंटिमीटर हवा खेळू द्या. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र पलंगाजवळ लावा, काटा ६० च्या वर राहायला लागला की खिडकी आणखी उघडा. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठीक आहेत, दोन माणसांच्या रात्रीच्या अर्ध्या लिटरपुढे त्या काहीच नाहीत.

चार दिवस कोरडी हवा आणि गाडीत मुक्काम नाही, तरी कोपरा ओलाच, म्हणजे गळती. दोन जागा तपासा. पहिली नळजोडणी: सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा. कुणी पाणी न वापरता तो मध्येच घुरघुरला तर कुठेतरी जोड सुटलाय. दुसरी छत: व्हेंटची चौकट, कडांच्या पट्ट्या, अँटेनाचं भोक. भिंतीवर अंगठा दाबून मऊ जागा शोधा आणि ओल कपाटाच्या मागून वरपर्यंत माग काढत न्या. जुन्या सीलंटवर घरगुती सिलिकॉन फासू नका, त्याच्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. जुनं प्लास्टिकच्या पातीने खरवडा, चौकटीखाली ब्युटाइल पट्टी (चिकट रबरी पट्टी) आणि वरून छताच्या पदार्थाला चालणारं सीलंट. तात्पुरतं करायचंच असेल तर नुसती पट्टी लावून ताडपत्री बांधा.

परत निघताना

ओला टेंट गुंडाळायची वेळ आली तर आतला आणि बाहेरचा भाग वेगळ्या पिशव्यांत भरा, नाहीतर कोरडा राहिलेला आतला भागही भिजतो. घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांत सावलीत पसरा, उन्हात नको. कापड तासाभरात कोरडं वाटतं. सगळ्यात उशिरा वाळतात ते पेगचे पट्टे, चेनच्या कडेची दुहेरी शिवण आणि तळाचे चार कोपरे. घडी घालण्याआधी ते चिमटीत धरून दाबून बघा. गार लागले तर अजून ओले आहेत.